शब्दाचा दुवा आणि कुळाचा वृत्तांत

आमच्या घरीं देवघराशेजारच्या कोनाड्यांत लाल फडक्यांत बांधलेलें एक पुस्तक आहे. ती पोथी नव्हे. तो आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत होय. गणपतीच्या दिवसांत पुण्यामुंबईचीं आणि क्वचित् साता समुद्रांपलीकडचींहि मुलेंबाळें विंझरास जमलीं, म्हणजे एखाद्या दुपारीं तें फडकें सुटतें. जो तो आपलें नांव शोधतो, तें छापलेलें पाहून समाधान पावतो, आणि पुस्तक पुन्हां कोनाड्यांत जातें. तें वाचीत मात्र कोणी नाहीं. हा दोष केवळ आळसाचा नव्हे. त्या पुस्तकांत एका माणसाकडून दुसऱ्याकडे जावयाचें म्हणजे ‘क्रमांक अमुक पहा’ या सूचनेवरून चाळीस पानें मागें जावें, तेथून पुन्हां साठ पानें पुढें यावें, आणि एवढ्यांत आपण कोणाचा शोध घेत होतों हेंच विसरून जावें, असा प्रकार होतो.

गेल्या वर्षीं माझ्या नातवानें हें पुस्तक मांडीवर घेऊन मला म्हटलें, “आजोबा, हा सारा वृत्तांत आपण महाजालावर घालूं. मजकूर मी चढवितों. कोणत्या शब्दांना दुवे जोडायचे, तें तेवढें तुम्ही सांगा.” मुलांच्या वह्या तपासण्यांत माझा जन्म गेला, लाल पेन्सिल हातीं आली आणि पहिल्याच पानावरील प्रत्येक नामाखालीं मीं रेघ ओढून दिली. तें पान पाहून नातू हंसला व म्हणाला, “आजोबा, सगळ्याच शब्दांना दारें केलीं, तर भिंत कोठें राहिली?” पोराचें बोलणें मला पटलें. कोणत्या शब्दास दुवा जोडावा, तो कोठें न्यावा आणि कोणत्या शब्दांत त्याचा निर्देश करावा, हा प्रश्न यंत्राचा नसून लेखनाचा आहे, हें त्या दिवशीं माझ्या ध्यानांत आलें. असा एखादा वृत्तांत पुष्कळ घरांच्या कोनाड्यांत पडून असेल, म्हणून वर्षभरांत जें शिकलों तें येथें सांगतों.

साखळींतील एका कडीस दुवा म्हणतात, हें सर्वांस ठाऊक आहे. संगणकाच्या पडद्यावरील मजकुरांत कांहीं शब्द निळे व अधोरेखित दिसतात. त्यांवर टिचकी मारली असतां दुसरें पान उघडतें. त्या शब्दांसहि आतां आपण दुवा असेंच म्हणतों. साधन नवें असलें, तरी कल्पना आपणांस अपरिचित नाहीं. संस्कृत टीकाकार मूळ श्लोकांतील एकदोन शब्द उचलून आरंभीं ठेवतो व मग त्यांचें विवरण करितो. त्या उचललेल्या शब्दांस प्रतीक म्हणतात. प्रतीक पाहतांच वाचकाचें बोट टीकेवरून मुळाकडे जातें. हस्तलिखित पोथींत ओळीमध्यें अक्षरें गळलीं, तर लेखक तेथें हंसपदाची खूण करून गळलेला मजकूर समासांत लिहीत असे; ओळींतील खुणेवरून दृष्टि समासाकडे जाऊन परत येई. आपल्या मराठी विश्वकोशांतील नोंदींच्या शेवटीं ‘पहा’ असें म्हणून दुसऱ्या नोंदींचीं नांवें दिलेलीं असतात, तीहि हीच रीत. या सर्वांत वाट दाखविण्याचें काम लेखकाचें व चालण्याचें काम वाचकाचें असे. महाजालावरील दुव्यानें चालण्याचे श्रम वांचविले, एवढाच फरक.

परंतु एवढ्या फरकासाठीं पुष्कळांनीं आयुष्यें वेंचलीं आहेत. १९४५ सालीं व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञानें ‘अटलांटिक मंथली’ मासिकांत एक लेख लिहून अशा यंत्राची कल्पना मांडली कीं, ज्यांत अभ्यासक एका कागदापासून दुसऱ्या कागदापर्यंत पायवाट पाडूं शकेल, व ती पायवाट दुसऱ्यासहि देऊं शकेल. १९६५ सालीं टेड नेल्सन यानें परस्परांशीं जोडलेल्या अशा लेखनास ‘हायपरटेक्स्ट’ हें नांव छापून प्रसिद्ध केलें. पुढें मार्च १९८९ मध्यें जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेंत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थानें आपल्या वरिष्ठांपुढें एक टिपण ठेविलें. त्यांतील तक्रार एकत्र कुटुंबांत वाढलेल्या कोणासहि चटकन् समजेल. संस्थेंत माणसें येतात, दोन वर्षें राहतात व निघून जातात. त्यांच्याबरोबर कोणती माहिती कोठें आहे याचें ज्ञानहि निघून जातें. कागद असतात, पण त्यांचा एकमेकांशीं संबंध काय हें सांगणारा कोणी उरत नाहीं. या तक्रारीच्या परिहारांतून जागतिक जाल निर्माण झालें, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्न संस्थेनें तें सर्वांस विनामूल्य मोकळें केलें. आमच्या कुलवृत्तांताचें दुखणें अगदीं हेंच होतें. नांवें सारीं छापलेलीं होतीं. नातीं सांगणारीं माणसें एकेक करून निघून चाललीं होतीं.

आतां दुवा लिहितात कसा, तें पाहूं. पानाच्या मूळ लिपींत एका कोनी कंसांत ‘ए’ हें इंग्रजी अक्षर लिहावयाचें. त्यापुढें ‘एचरेफ’ हा संकेत, मग बरोबरीचें चिन्ह, आणि अवतरणचिन्हांत ज्या पानाकडे जावयाचें त्याचा पत्ता. येथें कंस मिटवावा. त्यानंतर वाचकास जे शब्द दिसावयाचे ते लिहावे, आणि शेवटीं पुन्हां कोनी कंसांत तिरपी रेघ व ‘ए’ लिहून दुवा संपवावा. हा ‘ए’ म्हणजे ‘अँकर’ या शब्दाचें आद्याक्षर, अर्थात् गलबताचा नांगर. शेवटची तिरपी रेघ विसरली, तर पुढचा सारा परिच्छेद निळा होऊन बसतो. माझ्या हातून तसें दोनदां झालें. थोडक्यांत, प्रत्येक दुव्यास दोन अंगें असतात. एक पत्ता, तो यंत्रासाठीं. दुसरे शब्द, ते माणसासाठीं. पत्ता चुकला तर यंत्र लगेच बोलतें. शब्द चुकले तर मात्र कोणी बोलत नाहीं, वाचक मुकाट्यानें फसतो.

हें दुसरें अंग किती महत्त्वाचें आहे, तें आमच्या वडील बंधूंनीं मला शिकविलें. त्यांस सारें घर अण्णा म्हणतें. वयाची ऐंशी उलटली असून अलीकडे त्यांची दृष्टि जवळजवळ गेली आहे. नातवानें त्यांच्या संगणकांत पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारी सोय करून दिली. या सोयींत एक योजना अशी आहे कीं, पानावरील केवळ दुव्यांची यादी ऐकूं येते, म्हणजे सारें पान न ऐकतां हवें तेथें जातां यावें. आमचीं पहिलीं दहा पानें सिद्ध झालीं, तेव्हां आम्ही मोठ्या हौसेनें अण्णांस ओसरीवर बसविलें. यंत्र बोलूं लागलें: “येथें. येथें. येथें. अधिक माहितीसाठीं येथें. येथें.” अण्णा क्षणभर थांबले व म्हणाले, “अरे, येथें म्हणजे कोठें? हा वृत्तांत आहे कीं हजेरी?” आम्हीं प्रत्येक ठिकाणीं ‘पणजोबांच्या माहितीसाठीं येथें टिचकी मारा’ असें लिहून दुवा मात्र ‘येथें’ या शब्दास जोडला होता. डोळस माणसास आजूबाजूची ओळ दिसते, म्हणून त्याचें निभतें. अण्णांस तो आधार नव्हता. त्या संध्याकाळीं आम्हीं सारे ‘येथें’ काढून टाकले आणि ‘पणजोबांची वाईंतील पाठशाळा’, ‘धाकट्या पातीचा वंशवृक्ष’ असे शब्द घातले. दुव्याच्या शब्दांनीं आपण कोठें नेणार हें स्वतःच सांगितलें पाहिजे, हा पहिला नियम. आश्चर्य असें कीं, तीं पानें डोळसांसहि पहिल्यापेक्षां सुबोध झालीं.

दुसरी अडचण खास मराठीची आहे, आणि व्याकरणाच्या जुन्या शिक्षकास तींत मोठी गोडी वाटली. इंग्रजींत ‘तोरणा’ हा शब्द वाक्यांत कोठेंहि आला तरी बहुधा तसाच राहतो. मराठींत तो ‘तोरण्यावर’, ‘तोरण्याचा’, ‘तोरण्यास’ असा सामान्यरूप धारण करून येतो. ‘पुणें’चें ‘पुण्यास’ होतें, ‘वेल्हे’चें ‘वेल्ह्यांत’ होतें. पानाचें नांव तर प्रथमेंत असतें. २००३ सालच्या मे महिन्यांत सुरू झालेल्या मराठी विकिपीडियांत यावर जी तोड आहे ती आम्हीं उचलली. तेथें दुहेरी चौकोनी कंसांत शब्द लिहिला कीं त्या नांवाच्या पानाशीं दुवा जुळतो. परंतु रूप बदललें असेल, तर कंसांत आधीं पानाचें मूळ नांव, मग एक उभी रेघ, व तिच्यापुढें वाक्यांतील रूप लिहितात. म्हणजे रेघेच्या डावीकडे प्रातिपदिक आणि उजवीकडे विभक्तीसह पद! यंत्रास प्रातिपदिक कळतें, वाचकास पद दिसतें, आणि मराठी वाक्य मोडत नाहीं. दुव्याच्या सोयीसाठीं ‘तोरणा या किल्ल्यावर’ अशीं वाक्यें लिहूं लागणें हें भाषेस पांगळें करण्यासारखें होय.

तिसरी गोष्ट नांवांच्या पुनरुक्तीची. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल असल्यामुळें आमच्या वंशवृक्षांत एकच नांव आठ पिढ्यांत पांच जणांचें आहे. केवळ नांवावरून दुवा जोडला, तर पणतू पणजोबाच्या पाठशाळेंत जाऊन बसेल. म्हणून छापील पुस्तकांतील प्रत्येकाचा क्रमांक आम्हीं तसाच ठेविला, व पानांतील त्या त्या परिच्छेदास तीच खूण दिली. अशी खूण दिली म्हणजे दुवा केवळ पानापर्यंत न थांबतां नेमक्या परिच्छेदाशीं नेऊन उभें करितो. दशक, समास आणि ओवी सांगितली म्हणजे दासबोधांतील नेमकी जागा सांपडते, त्यांतलाच हा प्रकार. ‘राजगड’ या शब्दासहि हाच नियम लावावा लागला. राजगड म्हणजे आमच्या जवळचा, ११ जुलै २०२५ रोजीं इतर अकरा मराठा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशांत गणला गेलेला किल्ला; मध्यप्रदेशांतहि त्याच नांवाचा जिल्हा; आणि २०२४ सालीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें आमच्या वेल्हे तालुक्यास देण्याचें मान्य केलेलें नांवहि राजगडच.

या नामांतरानें चौथा नियम शिकविला. आमच्या वृत्तांतांत जागोजाग ‘विंझर, तालुका वेल्हे’ असें आहे. त्याच्या आधींच्या कागदांत आणखी निराळीच व्यवस्था आहे. तोरण्यासच प्रचंडगड म्हणत, हें इतिहास जाणणाऱ्यांस ठाऊक आहे. नांव बदललें म्हणून जुनें पान पुसावें काय? पुसलें, तर त्याकडे येणारे सारे दुवे पोकळ होतात. म्हणून जुन्या पत्त्यावर येणाऱ्यास हळूच नव्या पत्त्यावर पोंचविण्याची व्यवस्था करावी लागते. तिला पुनर्निर्देशन म्हणतात. घर बदललें, तरी जुन्या दारावर नव्या घराचा पत्ता लावून ठेवावा, तसेंच हें.

विद्वानांच्या जगांत याचा अनुभव पुण्यानेंच घेतला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पूर्ण केली. प्रक्षिप्त भाग गाळल्यामुळें अध्यायांचे अंक बदलले. प्रचलित प्रतींत भीष्मपर्वाच्या २५ व्या अध्यायापासून आरंभ होणारी भगवद्गीता या आवृत्तींत २३ व्या अध्यायापासून सुरू होते. यामुळें जुन्या ग्रंथांतील ‘भीष्मपर्व, अध्याय अमुक’ हे निर्देश नव्या प्रतींत पाहणारा गोंधळतो. पण तेथें निदान दोन्ही ग्रंथ कपाटांत शाबूत असतात. महाजालावर जुनी प्रत नाहींशीच होते. अमेरिकेंतील प्यू संशोधन संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें २०१३ सालीं अस्तित्वांत असलेल्या पानांपैकीं शेंकडा ३८ पानें दहा वर्षांनंतर उघडेनाशीं झालीं होतीं. आमच्याहि पानावरून एका संस्थेच्या जुन्या यादीकडे आम्हीं दुवा दिला होता. सहा महिन्यांनीं तेथें टिचकी मारली, तों पान नाहीं असा कोरडा निरोप! तेव्हांपासून दुवा देतांना पलीकडे काय आहे याचा सारांश आम्ही एका ओळींत लिहून ठेवतों, आणि दर दिवाळीस व गुढीपाडव्यास सारे दुवे एकदां चालून पाहतों.

आणखी एक गोष्ट सूनबाईनें सुचविली, ती कुटुंबवत्सल वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. जें हयात आहेत त्यांचीं जन्मतिथि, पत्ते व दूरध्वनि यांकडे आम्हीं दुवा दिलेला नाहीं. वृत्तांत सर्वांस मोकळा असावा. घराची किल्ली मात्र दारावर टांगूं नये.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास बसलों ती सांगतों. आमच्या पुस्तकांत वडिलांच्या थोरल्या बहिणीविषयीं एकच ओळ आहे: ‘कन्या, कोकणांत दिली.’ पुढें कांहीं नाहीं. मुलींची वाट अशा पुस्तकांत विवाहाशीं संपते, आणि लग्नांत नांव बदलल्यामुळें ती पुढें कोठें निघाली हें ओळखतांहि येत नाहीं. आत्या जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. वडील गेल्यावर येणें-जाणें तुटलें. तिचें सासरचें नांव आम्हां धाकट्यांस ठाऊक नव्हतें. नातवानें विचारलें, “आजोबा, या ओळीला दुवा कोठला?” मजपाशीं उत्तर नव्हतें. विकिपीडियांत जें पान अजून कोणी लिहिलेलें नाहीं त्याचा दुवा तांबडा दिसतो. तो जणुं आपल्या अज्ञानाची कबुली आणि जाणत्यास केलेली विनंति असतो. आम्हींहि आत्याचें नांव तांबडें ठेविलें.

यंत्र वाचीत असतां अण्णांनीं तो दुवा ऐकला, व पान नाहीं असें उत्तरहि ऐकलें. ते बराच वेळ स्तब्ध होते. मग म्हणाले, “भाऊबीजेला ती यायची तेव्हां मी पांच वर्षांचा असेन. तिला तिकडे काय म्हणत, तें मला आठवतें.” आणि त्यांनीं आडनांव, गांव व सासरचें नांव सांगितलें. त्या घराण्याचाहि वृत्तांत महाजालावर असल्याचें नातवास आढळलें; नागपुराकडील मंडळींनीं तो घातला होता. तेथें आत्या होती. सासरच्या नांवानें होती, पत्नी म्हणून होती, चार मुलांची आई म्हणून होती. आणि नांवापुढें लिहिलें होतें, ‘माहेर विंजर’. एका अक्षराच्या फरकामुळें आमच्या गांवाच्या नांवानें शोधणाऱ्यास ती कधींच सांपडली नसती. शोधयंत्र अक्षरें जुळवितें; नातें जुळविणारा माणूसच लागतो.

आम्हीं आमच्या पानावरून तिच्या पानाकडे दुवा जोडला. परंतु जागतिक जालावरील दुवा एकेरी असतो. टेड नेल्सनच्या कल्पनेंत तो दोन्ही बाजूंनीं चालणारा होता. बर्नर्स-ली यानें तो एकेरी केला, म्हणजे दुवा देण्यास पलीकडच्याची अनुज्ञा लागूं नये. त्यामुळेंच हें जाल इतकें पसरलें. पण त्याचा दुसरा अर्थ असा कीं, आपण कोणाकडे बोट दाखविलें तरी त्यास तें कळत नाहीं. आम्हीं तिकडे गेलों होतों. तिकडून इकडे वाट नव्हती. म्हणून मीं त्या मंडळींस पत्र घातलें, आपला परिचय दिला, आणि एका शब्दास दुवा जोडण्याची विनंति केली.

उत्तर कार्तिकांत आलें. आत्याच्या नातवानें लिहिलें होतें कीं, आजीचें माहेरचें नांव त्यांच्यापैकीं कोणासहि ठाऊक नव्हतें; तें आमच्या पानावर त्यांनीं प्रथम वाचलें. त्या दिवशीं संध्याकाळीं अण्णांस ओसरीवर बसवून नातवानें नागपूरकरांचें पान उघडलें. यंत्रानें दुव्यांची यादी वाचली. तींत एक दुवा होता: “माहेर विंझर.” अण्णांनीं चांचपडत कळ दाबली, आणि आमचेंच पान उघडून आमच्याच वडिलांचें नांव यंत्र वाचूं लागलें.

वाचकहो, आपल्याहि कोनाड्यांत असें पुस्तक असेल, आणि त्यांत एखादी ओळ ‘अमुक गांवीं दिली’ एवढ्यावर थांबलेली असेल. घरांतील ज्या वृद्धास ती पुढची ओळ आठवते, त्याजपाशीं येत्या सुटींत मुलांस बसवा. पत्ता, कंस आणि तिरपी रेघ हीं मुलें क्षणांत शिकतात. कोणता शब्द कोणाचा, हें सांगणारें माणूस मात्र आपल्या घरीं आहे तोंवरच आहे.